औषधाचे रूप आणि औषधाची वाट : हाफकिन संस्थेची सव्वाशे वर्षे

परळच्या हाफकिन संस्थेचा इतिहास बहुधा मुंबईतील प्लेगच्या इतिहासाचा एक अध्याय म्हणून सांगितला जातो, आणि संस्थेचा जन्मच त्या साथीतून झालेला असल्याने ते स्वाभाविकही आहे. तथापि सव्वाशे वर्षांच्या कामाकडे सलगपणे पाहिले असता त्यातून दुसराही एक धागा वर येतो, ज्याची दखल आजवर पुरेशी घेतली गेलेली नाही. रोगाचा जंतू ओळखणे किंवा गुणकारी द्रव्य सापडणे एवढ्याने रोगी वाचत नाही. ते द्रव्य टिकेल, मोजून देता येईल आणि शरीरात योग्य वाटेने शिरेल अशा रूपात आणावे लागते. औषधनिर्माणशास्त्रात यातील पहिल्या कामाला ‘फॉर्म्युलेशन’ म्हणतात, म्हणजे मूळ औषधी द्रव्याला गोळी, द्रावण, लस किंवा भुकटी असे मात्राबद्ध आणि टिकाऊ रूप देणे. दुसऱ्याला ‘ड्रग डिलिव्हरी’ म्हणतात, म्हणजे ते रूप शरीरात हव्या त्या ठिकाणी हव्या त्या गतीने पोहोचवणे. ही दोन्ही नावे रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून परळच्या प्रयोगशाळेत हीच दोन कामे चालत आली आहेत, आणि प्रस्तुत आढावा मुख्यतः त्यांच्याच अंगाने घेतलेला आहे.

स्थापनेची पार्श्वभूमी (१८९६–१८९९)

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकॅसिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि थोड्याच दिवसांत निम्मी मुंबई गावाकडे पळू लागली. कॉलऱ्याच्या लसीच्या कामासाठी १८९३ पासून हिंदुस्थानात असलेले वाल्देमार हाफकिन यांना सरकारने ऑक्टोबरमध्ये मुंबईस पाचारण केले. ओडेसा येथे जन्मलेल्या आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेल्या या शास्त्रज्ञाला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, लगतचा बोळ, एक कारकून आणि तीन शिपाई एवढीच सामग्री मिळाली. एवढ्या बळावर त्यांनी तीन महिन्यांत लस सिद्ध केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची पहिली चाचणी घेतली.

या लसीची कृती मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे. मोठ्या चंबूंत मांसरस भरून त्यात प्लेगचे जंतू सोडले जात आणि रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले जात. त्या थेंबांच्या तळाशी जंतूंची वाढ धरून ती धाग्यांसारखी खाली लोंबू लागे. ठराविक दिवसांनी चंबू हलवला की धागे तुटून तळाशी बसत आणि वर पुन्हा नवी वाढ सुरू होई. पाच-सहा आठवडे हा क्रम चालल्यावर संपूर्ण द्रव ६५ ते ७० अंश सेल्सिअस तापमानाला तासभर ठेवून जंतू मारले जात आणि द्रव पुढे नासू नये म्हणून त्यात अल्प प्रमाणात कार्बोलिक आम्ल मिसळले जाई. मांसरसासाठी गाय अथवा डुक्कर यांचे मांस वापरल्यास हिंदू वा मुसलमान लस टोचून घेणार नाहीत हे ओळखून हाफकिन यांनी बोकडाचे मांस हायड्रोक्लोरिक आम्लात पचवून घेण्याची पद्धत बसवली. औषधाचे रूप ठरवताना ते घेणाऱ्याच्या मनाचाही विचार करावा लागतो, हे तत्त्व संस्थेच्या पायाभरणीतच अशा रीतीने आले.

लसीची मागणी वाढत गेली तशी जागा अपुरी पडू लागली. लस स्वतः टोचून घेऊन लोकांपुढे उदाहरण ठेवणाऱ्या आगाखानांनी आपला खुश्रू लॉज हा बंगला प्रयोगशाळेसाठी दिला. बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी फेब्रुवारी १८९८ मध्ये झालेल्या पाहणीत लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३, तर न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ दगावले. एकाच घरातील काहींना लस देऊन आणि काहींना न देता केलेली ही तुलना त्या काळाच्या मानाने विलक्षण काटेकोर होती.

पहिले दशक (१८९९–१९०९)

परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसच्या वास्तूत १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते ‘प्लेग रिसर्च लॅबोरेटरी’चे उद्घाटन झाले. ज्या दिवाणखान्यांत मेजवान्या झडत तेथे चंबूंच्या रांगा लागल्या, आणि लस एका शास्त्रज्ञाच्या हातच्या कसबातून बाहेर पडून कारखानदारीच्या शिस्तीत आली.

या दशकावर मुल्कोवालच्या दुर्घटनेची छाया आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली आणि त्यांपैकी एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशीचा रोख परळच्या प्रयोगशाळेकडे वळला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक मान्यवर शास्त्रज्ञांनी कागदपत्रे तपासून दोष प्रयोगशाळेचा नसल्याचे जाहीरपणे मांडले आणि १९०७ च्या अखेरीस हाफकिन निर्दोष ठरले. बाटली गावात उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला होता, ही बाब त्यात निर्णायक ठरली. घटनेच्या काही काळ आधी उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी कृतीत जे बदल झाले त्यांत कार्बोलिक आम्ल वगळण्यात आले होते. परिरक्षक, म्हणजे तयार औषधात शिरू पाहणाऱ्या जंतूंना रोखणारे द्रव्य, हा लसीचा गौण घटक नव्हे, आणि प्रयोगशाळेच्या दारापासून सुईच्या टोकापर्यंतचा संपूर्ण प्रवास औषधाच्या घडणीतच मोजला पाहिजे, ही समज या दुःखद प्रसंगातून पक्की झाली. बहुमात्रा बाटल्यांतील परिरक्षकाविषयी आज जगभर जे नियम आहेत, त्यांच्यामागे अशा अनेक घटनांचा अनुभव उभा आहे.

१९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाचे काम परळ येथून चालले. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडलेला उंदीर-पिसू-माणूस हा संसर्गाचा क्रम या आयोगाने भरभक्कम प्रयोगांनी सिद्ध केला, आणि त्यात संस्थेतील ग्लेन लिस्टन यांच्या निरीक्षणांचा वाटा मोठा होता. १९०६ मध्ये संस्थेचे नाव ‘बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ असे झाले.

दुसरे आणि तिसरे दशक (१९१०–१९२९)

ही वीस वर्षे वरवर शांत दिसतात, परंतु लसीचे उत्पादन या काळात अखंड चालू राहिले. १८९७ ते १९२५ या अवधीत मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. बाटल्या धुणारे, त्या वाफेच्या भट्टीत लावणारे, भरणारे, मोहोर करणारे आणि पेट्यांत बांधून आगगाडीवर चढवणारे असे शेकडो हात या आकड्यामागे आहेत. त्यांची नावे कोणत्याही शोधनिबंधावर आली नाहीत, म्हणून या आढाव्यात त्यांचे ऋण प्रथम मान्य करणे उचित होय.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील उपचारही या काळात परळ येथे सुरू झाले. त्यासाठीची लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौली येथे बसवलेल्या पद्धतीची होती : विषाणूची लागण झालेल्या मेंढीच्या मेंदूचा द्रव कार्बोलिक आम्लाने निष्क्रिय करून तो पोटाच्या कातडीखाली चौदा दिवस रोज टोचला जाई. या लसीने असंख्य प्राण वाचवले हे खरे. परंतु मेंदूच्या ऊतीचा अंश शरीरात गेल्याने क्वचित पक्षाघातासारखे गंभीर उपद्रव होत, आणि चौदा सुयांच्या धास्तीने उपचार अर्ध्यावर सोडणारेही पुष्कळ असत. घेणाऱ्याला सोसेल असे रूप औषधाला देणे किती निकडीचे असते, याचे या लसीइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

१९२५ मध्ये संचालक एफ. पी. मॅकी यांच्या कारकिर्दीत संस्थेला ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ हे नाव देण्यात आले. ज्यांना एकदा मानहानी सोसावी लागली त्यांचेच नाव, ते हयात असताना, संस्थेने धारण केले. हाफकिन १९३० मध्ये लोझान येथे निवर्तले.

चौथे आणि पाचवे दशक (१९३०–१९४९)

संस्थेच्या जडणघडणीत सर्वांत समृद्ध काळ कोणता, असा प्रश्न केल्यास तो साहिब सिंग सोखी यांच्या संचालकपदाचा होय, असे निःसंकोच म्हणता येते. १९३२ मध्ये सूत्रे हाती घेणारे सोखी हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक. औषधांच्या बाबतीत देशाने स्वतःच्या पायावर उभे राहावे हा त्यांचा ध्यास होता, आणि राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी तो संस्थेबाहेरही मांडला.

औषधशास्त्र विभागात फादर जे. एफ. काइअस आणि के. एस. म्हसकर यांनी सर्पदंशावर गुणकारी मानल्या गेलेल्या देशी वनस्पतींची एकेक करून परीक्षा घेतली. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष निराशाजनक असला तरी अत्यंत मोलाचा होता : तपासलेल्या वनस्पतींपैकी एकीचाही विषावर विश्वासार्ह उतारा म्हणून उपयोग दिसला नाही. या दोघांची वृत्ती देशी औषधींविषयी तुच्छतेची मुळीच नव्हती. कीर्तिकर आणि बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील विख्यात ग्रंथाची सुधारित आवृत्ती ब्लॅटर यांच्यासह याच दोघांनी सिद्ध केली. नकारार्थी निष्कर्ष तितक्याच प्रामाणिकपणे छापण्याचा हा वस्तुपाठ संस्थेने जपला, आणि सर्पदंशासाठी प्रतिविषाखेरीज दुसरी वाट नाही हेही त्यामुळे स्पष्ट झाले.

महायुद्धामुळे परदेशी औषधांची आवक रोडावली तेव्हा के. गणपती यांच्या नेतृत्वाखालील रासायनिक उपचार विभागाने सल्फाथायाझोल हे सल्फा वर्गातील औषध संस्थेतच बनवले. सोखी, औषधशास्त्रज्ञ बी. बी. दीक्षित आणि पी. एम. वागळे यांच्या प्रयोगांतून ते प्लेगवर गुणकारी असल्याचे सिद्ध झाले, आणि लागण होण्यापूर्वी द्यायच्या लसीच्या जोडीला लागण झालेल्या रोग्यासाठी प्रथमच खात्रीचे औषध आले. मात्र येथेही रूपाचा प्रश्न होताच. सल्फा औषधे पाण्यात फारशी विरघळत नाहीत. पोटातून घेतलेली मात्रा मूत्रपिंडात स्फटिकरूपाने साचण्याचा धोका असतो, म्हणून गोळीबरोबर भरपूर पाणी आणि सोडा देण्याची पद्धत पडली. त्यानंतर आलेले स्ट्रेप्टोमायसिन पाण्यात सहज विरघळत असूनही आतड्यातून रक्तात शिरत नाही, त्यामुळे ते सुईनेच द्यावे लागते. एकाच रोगावरच्या या दोन औषधांनी दोन भिन्न वाटा धरल्या त्या त्यांच्या रासायनिक स्वभावामुळे. बी. बी. दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले, याचा परळच्या या विभागाला सार्थ अभिमान वाटतो.

लसीसाठी बोकडाच्या मांसाऐवजी दुधातील केसिन या प्रथिनाचे आम्लाने विघटन करून मिळणारा रस वापरण्याचे कामही याच कालखंडातले. सोखी, हब्बू आणि भरुचा यांचा त्यावरील निबंध १९५० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. मांसरसाची प्रत दर खेपेस बदले. केसिनरसाची घडण निश्चित असल्याने प्रत्येक खेपेची लस सारख्या गुणाची निघू लागली.

सहावे आणि सातवे दशक (१९५०–१९७४)

सर्पविषावरील प्रतिविष हे या कालखंडाचे, आणि अनेकांच्या मते संस्थेचेच, सर्वांत मोठे योगदान. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अत्यल्प मात्रेपासून वाढवत घोड्यांना टोचले की त्यांच्या रक्तात विष निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार होतात. ती गाळून घेतलेला द्रव म्हणजे प्रतिविष. आणि चारही विषांवर एकच औषध चालत असल्याने त्याला बहुसंयोजी म्हणतात. रात्री शेतात कोणता साप चावला हे सांगू न शकणाऱ्या माणसासाठी ही बहुसंयोजिता म्हणजे जीवनदानच होय. या औषधाच्या १ मिलिलिटरने नागाचे ०.६, मण्यारीचे ०.४५, घोणसाचे ०.६ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे, असे भारतीय प्रमाण आहे.

परंतु द्रवरूप प्रतिविषाला थंडावा लागतो, आणि साप चावतो तो बहुधा जेथे वीजही पोहोचलेली नाही अशा वाडीवस्तीवर. यावर शीतशुष्कन हा उपाय संस्थेने अवलंबला. कुपीतील द्रव प्रथम गोठवतात, नंतर निर्वातात ठेवतात. बर्फ न वितळता थेट वाफ होऊन निघून जातो आणि कुपीच्या तळाशी प्रथिनांची पांढुरकी, सच्छिद्र वडी उरते. पाणीच नसल्याने प्रथिनाचे विघटन मंदावते आणि शीतकपाटाविना औषध दीर्घकाळ टिकते. गरजेच्या वेळी कुपीत १० मिलिलिटर निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाणी घालून ती हलकेच गोल फिरवायची. जोराने हलवल्यास फेस येऊन प्रथिने बिघडतात, ही सूचना प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकांच्या हातात आता मुरलेली आहे. पेप्सिन या पाचक द्रव्याने प्रतिपिंडाचा अनावश्यक भाग तोडून उपयुक्त तुकडाच ठेवण्याच्या शुद्धीकरणामुळे घोड्याच्या प्रथिनांमुळे होणारे अपायही घटले. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार आणि विष काढणारे सर्पगृहातील कर्मचारी यांनी पत्करलेली जोखीम या औषधाच्या प्रत्येक कुपीत आहे.

धनुर्वात आणि घटसर्प यांच्यावरील टॉक्सॉइड लसी, म्हणजे निष्प्रभ केलेल्या जंतुविषाच्या लसी, ॲल्युमिनियमच्या क्षारावर शोषून तयार करण्याचे तंत्रही संस्थेने आत्मसात केले. त्यामुळे लस टोचल्या जागी साठून राहते, सावकाश सुटत जाते आणि प्रतिकारशक्ती अधिक काळ जागती राहते. औषध हळूहळू सोडण्याची आज जी अनेक तंत्रे आहेत त्यांतील ही एक जुनी आणि निर्वेध तऱ्हा मानावी लागेल. 

आठवे आणि नववे दशक (१९७५–१९९४)

१९७५ पासून संस्थेचे दोन शाखांत रूपांतर झाले. प्रशिक्षण, संशोधन आणि चाचणी हे कार्य हाफकिन संस्थेकडे राहिले, तर उत्पादनाचे काम राज्य शासनाच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेले. नव्या रचनेची घडी बसण्यास काही काळ जावा लागला, परंतु दोन्हीकडील अधिकारी आणि कामगार यांच्या समजूतदारपणामुळे पुरवठ्यात खंड पडला नाही. परळच्या जोडीला पिंपरी येथे उत्पादन उभे राहिले, आणि हाफकिन अजिंठा या उपकंपनीमार्फत जळगाव येथे गोळ्या आणि जलसंजीवनीची पाकिटे तयार होऊ लागली.

जलसंजीवनी हे साधे दिसणारे रूप मोठ्या विचाराचे आहे. साखर आणि मीठ ठराविक प्रमाणात एकत्र असल्यास आतडे ती दोन्ही पाण्यासह शोषून घेते, हे तिचे तत्त्व. आरंभीच्या पाकिटांत खाण्याचा सोडा असे. दमट हवेत ती भुकटी गोळा होई आणि तिचा रंग बदले. सोड्याच्या जागी सायट्रेट हा क्षार आला तेव्हा पाकीट कोकणातल्या पावसाळ्यातही टिकू लागले.

दहाव्या दशकापासून आजपर्यंत (१९९५–२०२४)

१९९५ च्या डिसेंबरात देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली आणि महामंडळाचे नाव तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीशी जोडले गेले. या लसीचा मूळ साठा बाहेरून घेऊन त्याचे मिश्रण, स्थिरीकरण आणि भरणी येथे होत असे. भरणी म्हणजे दुय्यम काम, हा समज मात्र चुकीचा आहे. जिवंत विषाणू उष्णतेने झपाट्याने मरतो, म्हणून मिश्रणात मॅग्नेशियम क्लोराइड घालून त्याला स्थैर्य द्यावे लागते, साठा उणे २० अंश सेल्सिअसला राखावा लागतो आणि कुपीच्या तोंडातून बरोबर दोन थेंबांत पूर्ण मात्रा पडेल असा बंदोबस्त करावा लागतो. कुपीवरचे उष्णतादर्शक चिन्ह, ज्यात वर्तुळाच्या आतील चौकोन उष्णतेने गडद होत जातो आणि तो वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची असते, त्यामुळे अक्षरशत्रू स्वयंसेवकालाही लसीची अवस्था कळू लागली. सुई नाही, डॉक्टर नाही, केवळ दोन थेंब. या वाटेमुळेच कोट्यवधी बालकांपर्यंत एका दिवसात पोहोचणे शक्य झाले. देशातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त घोषित झाला. परळची लस युनिसेफमार्फत परदेशांतही गेली.

मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या जुन्या रेबीज लसीचे उत्पादन देशात २००४ च्या अखेरीस थांबले. तिच्या जागी आलेली पेशीसंवर्धित लस महाग होती. २००६ मध्ये ती कातडीच्या थरात दोन जागी प्रत्येकी ०.१ मिलिलिटर देण्यास मान्यता मिळाली, आणि स्नायूंपेक्षा त्वचेत प्रतिकारपेशी अधिक दाट असल्याने पुष्कळच कमी लशीत तेच संरक्षण मिळू लागले. केवळ वाट बदलल्याने औषध गरिबाच्या आवाक्यात आल्याचे हे उदाहरण सार्वजनिक रुग्णालयांना चांगलेच परिचित आहे.

कोकणातील लाल विंचवाच्या दंशावरील प्रतिविषाचे उत्पादन हे महामंडळाचे महाराष्ट्राच्या मातीशी सर्वांत जवळचे काम. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग रूढ करून मृत्यूंचे प्रमाण आधीच खाली आणले होते. ७० रुग्णांवरील त्यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्राझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो असे दिसले.

सध्या संस्थेत सूक्ष्मजीवशास्त्र, विषाणुशास्त्र आणि जैवरसायन या विषयांत मुंबई विद्यापीठाच्या पदव्युत्तर तसेच संशोधन पदव्यांसाठी विद्यार्थी काम करतात, आणि औषधे व जंतुनाशके यांच्या चाचण्या नियमितपणे होतात. पुढचे मोठे काम पुन्हा सापाच्या विषाचेच आहे. भारतात दरवर्षी सर्पदंशाने सुमारे ५८,००० माणसे दगावतात असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. प्रतिविषासाठी लागणारे बरेचसे विष तमिळनाडूतील इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते, परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे आता सिद्ध झाले आहे. दक्षिणेतील घोणसाच्या विषावर बेतलेले औषध अन्य प्रदेशातील घोणसावर तितकेच चालेल असे धरता येत नाही. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी प्रदेशवार विषांचे संकलन, अधिक शुद्ध प्रतिपिंडे आणि कमी कुप्यांत पूर्ण गुण देणारी शीतशुष्क भुकटी या तिन्ही दिशांनी काम व्हावे लागेल, आणि घोडा, साप, भट्टी व कुपी या चारही गोष्टींचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असलेली माणसे परळ आणि पिंपरी येथे आजही कामावर आहेत.